मुदतवाढ

कायद्यालाही तारीख असते, दुधाच्या बाटलीवर असते तशी, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मी आपली समजत होते, कायदा एकदा झाला की झाला. पण आमचं घर ज्या कायद्यावर चालतं तो पाच-पाच वर्षांच्या मुदतीचा. मुदत संपत आली की राजधानीतल्या लोकांनी पुन्हा एकदा होय म्हणायचं, नाहीतर जूनअखेर आमच्या दाराला कुलूप.

आमचं घर म्हणजे अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरातली एक जुनी शाळा. खाणी बंद पडल्या, माणसं कामाच्या शोधात गेली, त्यांच्यामागे पोरंही गेली आणि शाळा ओस पडली. आता तिथं बाया राहतात. गोळ्या, सुया, बाटली यातून बाहेर पडू बघणाऱ्या बाया, आणि त्यांच्याबरोबर त्यांची लहान मुलं. ही मुलांची गोष्ट महत्त्वाची. बाकी ठिकाणी आई उपचाराला एकीकडे आणि मूल सरकारनं नेमून दिलेल्या परक्या घरी. आमच्याकडे दोघं एका खोलीत, एका पांघरुणात.

घर चालवते डॉर्सी. ती स्वतः एकेकाळी याच बायांपैकी होती, आता तिनं हाक मारली की खालच्या रस्त्यावरची कुत्री उठून बसतात. आणि मी नोला फ्यूगेट. आयुष्यभर शाळेची बस चालवली, निवृत्त झाले, आता घराची व्हॅन चालवते आणि स्वयंपाक बघते. मला कॉफी सोडून कसलंच व्यसन नाही असं मी म्हणते. डॉर्सी म्हणते, आहे की, लोकांना नावं ठेवायचं.

मी इथं आले कोरिनमुळे. कोरिन माझी एकुलती मुलगी. ती या घरात आली, सावरली, इथंच कामाला लागली. आणि गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात गेली. एकदाच घसरली. हल्लीच्या मालात काय कालवलेलं असतं देव जाणे, उठायला दुसरी संधीच मिळत नाही. तिला मातीत ठेवल्यावर थोड्याच दिवसांनी मी डॉर्सीकडे जाऊन म्हटलं, तुझ्या पोरी व्हॅनच्या ब्रेकची वाट लावताहेत, किल्ली इकडे दे. तिनं मुकाट्यानं दिली. कोरिनबद्दल आमचं त्याहून जास्त बोलणं झालं नाही.

तर हा कायदा. मागच्या खेपेला त्याच्या मुदतवाढीसाठी समितीपुढं बोलायला कोरिन गेली होती. मी तेव्हा अजून बसवर होते, मला रजा मिळाली नाही. यंदा पाळी आली ज्युनीवर.

ज्युनी कॉडिल पंचविशीची. अंगानं बारीक, चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की मान खाली. तिची मुलगी बर्डी चार वर्षांची, आणि ती मात्र कुणासमोर मान खाली घालत नाही. न्यायाधीशांनी ज्युनीला सांगून ठेवलंय, तू या घरात आहेस तोवर मूल तुझ्याजवळ. पुढच्या वर्षी सगळं नीट असलं तर बर्डी कायमची तिची. पण घरच मिटलं तर त्याच दिवशी सरकारी बाई येऊन बर्डीला घेऊन जाणार, मग ज्युनी कितीही नीट वागून दाखवो. बर्डी आधी एकदा परक्या घरी राहून आलेली आहे. लोक वाईट नव्हते म्हणतात. पण आली तेव्हापासून उशीखाली पावाचा तुकडा ठेवून झोपते. मी चादरी बदलायला जाते तेव्हा तो उचलत नाही. कडक झाला असेल तर ताजा ठेवते आणि गप्प बसते.

आमच्याकडे रोज संध्याकाळी जुन्या चौथीच्या वर्गात सभा असते. खुर्च्या गोल मांडायच्या. एकजण म्हणते, माझं नाव अमुक, आणि मी व्यसनी आहे. की बाकीच्या सगळ्या एका सुरात, "हाय, अमुक." मग तिनं बोलायचं. सुरुवातीला मला हे बालवाडीतल्यासारखं वाटायचं. मी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून बीन्स निवडत ऐकायची. त्या गोलात मी कधी बसले नाही, माझं नाव कधी सांगितलं नाही. माझा काय संबंध. बर्डी मात्र त्याच गोलात, कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर वाढलेली. तिच्या हिशेबी कुणीही आपलं नाव सांगितलं की त्याला हाय म्हणणं ही साधी रीत. टीव्हीवरचा बातम्यांवाला नाव सांगतो, त्यालाही ही सोफ्यावरून हाय म्हणते.

हिवाळा सरता सरता राजधानीहून मिस पेल आली. अशा घरांसाठी झटणारी त्यांची एक संघटना आहे, तिची ही बाई. ज्युनीला समितीपुढं कसं बोलायचं ते शिकवायला आली होती. बाई भली होती, फक्त आमच्या चिखलात पांढरे बूट घालून आली होती. तिनं ज्युनीला सांगितलं, मी व्यसनी आहे असं म्हणायचं नाही, ते चांगलं दिसत नाही. म्हणायचं, मी दीर्घकालीन पुनर्प्राप्तीच्या वाटेवरची व्यक्ती आहे. ज्युनीची जीभ दरवेळी त्या पुनर्प्राप्तीशी अडखळायची. बोलायला मिळणार तीन मिनिटं, आणि डॉर्सीचं म्हणणं की एवढ्या एका शब्दातच ती संपतील.

जायच्या आधी मिस पेल स्वयंपाकघरात आली. आणखी एक गोष्ट आहे म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता कपात साखर ढवळत राहिली. समितीचे अध्यक्ष सिनेटर ट्रूट यांनी मागच्या वेळी विरोधात मत दिलं होतं. म्हातारा तंबाखूचा शेतकरी, विचारायला लागला की सोडत नाही. यंदा समितीत पाच इकडे, पाच तिकडे, आणि हा एक. मागच्या साक्षीदार बाईचं काय झालं असं त्यानं विचारलंच, तर आपण म्हणावं की त्या आता कार्यक्रमात नाहीत.

"खरंय ते," मी म्हटलं. "ती टेकडीवरच्या दफनभूमीत आहे."

ती लालबुंद झाली. माझ्या हातावर हात ठेवला, माफी मागितली. मी तिला आणखी कॉफी दिली, कारण तिचं चुकत नव्हतं. मागच्या वेळी जिनं येऊन सांगितलं की या घरानं मला वाचवलं, तीच मेली, हे एकदा त्या म्हाताऱ्याच्या हाती लागलं की संपलं. त्याला दुसरं काही लागणारच नव्हतं. माझी पोर मेली म्हणून ज्युनीची पोर जायची. हा विचार मी पुढचे कितीतरी दिवस चघळत होते, आणि त्याची चव काही केल्या बदलत नव्हती.

ठरल्या दिवशी सगळ्याजणी व्हॅनमध्ये कोंबल्या. ज्युनीनं डॉर्सीचं जाकीट घातलं होतं, त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. बर्डी वाटेत एकदा ओकली, दोनदा गायली. बाया मागे ज्युनीची तयारी करून घेत होत्या आणि ज्युनी खिडकीबाहेर बघत पुनर्प्राप्ती पुनर्प्राप्ती पुटपुटत होती. मी गाडी चालवता चालवता सगळ्यांना गप्प बसा म्हणून ओरडले. भीती वाटली की मी ओरडते, हे आता त्यांना माहीत झालंय, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

समितीची खोली फार मोठी नव्हती, पण छत उंच होतं. पुढं चढत्या पायरीवर अर्धगोलात अकरा खुर्च्या, मधल्या खुर्चीत ट्रूट. अंगानं वाळलेला, भुवया पांढऱ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. आधी दोन डॉक्टर बोलले, एक पोलीस अधिकारी बोलला. ट्रूटनं त्यांना काही विचारलं नाही. मग ज्युनीचं नाव पुकारलं. ती जाऊन टेबलापाशी बसली, कागद उलगडला, आणि कागद एवढा थरथरायला लागला की माइकमधून त्याचा आवाज यायला लागला. आम्ही तिच्या मागच्याच रांगेत होतो. बर्डी डॉर्सीच्या मांडीवर.

"नोंदीसाठी आपलं नाव सांगा," ट्रूट म्हणाला.

ज्युनीनं कागदाकडे बघितलं. मग कागद सोडून वर बघितलं, आणि घाबरलेलं माणूस रोजच्या सवयीच्या वाटेनं जातं तशी गेली. "माझं नाव ज्युनी," ती म्हणाली, "आणि मी व्यसनी आहे."

"हाय, ज्युनी."

आम्ही सगळ्या. एका सुरात, खड्या आवाजात, जुन्या चौथीच्या वर्गात म्हणतो तसं. डॉर्सीचा आवाज तर छताला लागून परत आला. आणि त्यात माझाही होता. हे शब्द माझ्या तोंडात आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरात बसून बसून कधी शिरले कोण जाणे.

ट्रूटनं टेबलावर हातोडा आपटला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मिस पेलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ट्रूट चष्म्यावरून आमच्या रांगेकडे बघत राहिला, आणि मग त्यानं समजावून सांगितलं की ही सिनेटची समिती आहे, इथं प्रेक्षकांनी उत्तरं द्यायची नसतात, पुन्हा एक शब्द आला तर खोली रिकामी करण्यात येईल. आम्ही माना खाली घातल्या. शाळेच्या बसमध्ये मी पोरांना असाच दम भरायची, म्हणून मला त्याचा आणखीच राग आला.

पण ज्युनी हसत होती. आम्ही काय करून बसलो हे कळल्यावर तिला हसू फुटलं होतं आणि ते आवरता आवरता तिची थरथर थांबली. तिनं कागद पालथा घातला. घरात रोज बोलायची तशी बोलायला लागली. कशी आली, पहिले महिने कसे गेले, आता गावातल्या बेकरीत पहाटे कामाला कशी जाते. पुनर्प्राप्ती काही आली नाही, तिची कुणाला आठवणही झाली नाही. शेवटी ती म्हणाली,

"माझी मुलगी सकाळी जागी झाली की आधी माझ्या नाकाखाली बोट धरते. श्वास चालू आहे का बघते. मी नशेत पडलेली असायची तेव्हापासूनची तिची सवय आहे ती, एवढीशी होती तेव्हापासूनची. अजून मोडली नाही. पण आता बघून झालं की परत झोपते, सर. पूर्वी झोपायची नाही."

डॉर्सीनं बर्डीचं डोकं हनुवटीखाली घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, जिंकलो, आता यापुढं कोण काय बोलणार.

ट्रूटनं चष्मा काढला. ज्युनीचे आभार मानले. मग म्हणाला, "पाच वर्षांपूर्वी याच खुर्चीवर एक बाई बसली होती. कोरिन फ्यूगेट नावाची. चांगली बोलली होती. ती आज कुठं आहे?"

माझ्या शेजारी मिस पेल ताठ झाली. उत्तर पाठ करून घेतलं होतं, ज्युनीनं फक्त म्हणायचं होतं. ज्युनीनं पालथा कागद हातानं बाजूला सारला. मग म्हणाली, "ते मी नाही सांगू शकत, सर. ते सांगायचा हक्क माझा नाही." आणि मागे वळून तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगावं म्हणून नाही. माझी क्षमा मागितल्यासारखं बघितलं.

"साधा प्रश्न आहे," ट्रूट म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "दर पाच वर्षांनी तुम्ही येता, दरवेळी नवीन बाई. आधीचीचं काय झालं ते कुणी सांगत नाही. मी विचारतोय ती कुठं आहे."

मी उभी राहिले. मिस पेलनं माझी बाही धरली, ती मी सोडवून घेतली. ट्रूट म्हणाला की बाई, तुमचं नाव बोलणाऱ्यांत नाही. मी म्हटलं नाही, मी गाडी चालवते. मला वाटतं तो मला बसवणार होता. पण त्याला माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, म्हणाला, "नाव सांगा."

"माझं नाव नोला," मी म्हटलं, आणि तिथंच अडकले. नावापुढं आमच्याकडे एकच वाक्य असतं आणि ते माझं नव्हतं. सगळी रांग ओठ मिटून बसलेली, हातोड्याच्या धाकानं.

"हाय, मॅमॉ नोला," बर्डी म्हणाली. आमच्या डोंगरात आजीला मॅमॉ म्हणतात. मी तिची कुणी नव्हे, पण तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

ट्रूटचा हात हातोड्याकडे गेला आणि तिथंच राहिला.

"माझं नाव नोला," मी पुन्हा म्हटलं, "आणि मी कोरिनची आई आहे. ती गेली, साहेब. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. ज्या विषातून बाहेर आली होती त्यानंच."

डावीकडच्या एका सिनेटरनं लगेच काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं ते मला इतक्या लांबून वाचता आलं. उपयोग झाला नाही, दुसरं काय. तेव्हा माझी सटकली. रागावले की मला चांगलं बोलता येतं, इतकी वर्षं दंगेखोर पोरांनी भरलेली बस उगाच नाही चालवली.

"लिहा," मी त्याला म्हटलं. "पण पुढचंही लिहा. इथं बोलून गेल्यावर ती तीन वर्षं जगली. या घरात यायच्या आधीची कितीतरी वर्षं आम्हा दोघींचं एक भांडण झालं नव्हतं. भांडायला समोर माणूस लागतं, साहेब, आणि ती समोर असूनही नसायची. या घरानं तिला परत आणलं आणि ती भांडायला लागली. मला न विचारता माझ्या स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला. असला भयंकर पिवळा की सकाळी डोळे दुखतात. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही आणि ती रोज येऊन विचारायची, अजून रागावलीयेस का. ती तीन वर्षं मला तुमच्या या कायद्यानं दिली. तुम्ही विचारताय, उपयोग झाला का. मला झाला."

ट्रूटनं हातोड्यावरचा हात काढून घेतला. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "आणि पाच वर्षांनी तुम्ही पुन्हा येणार."

"येणार. मी नाहीतर दुसरं कुणी. आम्ही आलेलं बघून तुम्हाला कंटाळा येतो. आम्हाला कुणी यायचं थांबलं की भीती वाटते."

मी खाली बसले. डॉर्सीनं बर्डीला माझ्या मांडीवर ढकललं.

मग मतं. एका बाईनं एकेक नाव पुकारलं आणि एकेकानं होय किंवा नाही म्हटलं. प्रत्येक नावाला बर्डी तोंड उघडायची आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवायची. पाच होय झाले, पाच नाही झाले. टिपून घेणारा नाही म्हणाला. शेवटी अध्यक्ष. ट्रूटनं चष्मा रुमालानं पुसला, डोळ्यांवर चढवला, समोरच्या कागदाकडे बघितलं. ज्युनी टेबलापाशीच बसून होती, पाठमोरी. डॉर्सीचं जाकीट तिच्या खांद्यांवर वर-खाली होत होतं.

"होय," तो म्हणाला. का ते सांगितलं नाही. लगेच पुढचं काम पुकारलं, न्हाव्यांच्या परवान्यांचं.

आम्हाला कळेचना की झालं. मिस पेल रडायला लागली तेव्हा कळलं. ती म्हणाली, आता मोठ्या सभागृहात जाईल, पण अडायचं ते इथंच होतं. खोलीबाहेर आल्यावर बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, एवढा कालवा केला की पहारेकरी बघायला आला. ज्युनी मिठ्यांमधून सुटून भिंतीशी जमिनीवर बसली, संगमरवरी फरशीवर, पाय पसरून. बर्डी तिच्या मांडीत जाऊन पडली. ज्युनी तिच्या बुटाची नाडी सोडायची आणि बांधायची, सोडायची आणि बांधायची. मी घरून आणलेलं सँडविचचं खोकं उघडून सगळ्यांना वाटलं आणि जरा लांब एका बाकावर जाऊन बसले, कारण मला रडू येणार होतं आणि त्यासाठी मला माणसं लागत नाहीत.

तेवढ्यात ट्रूट आला. एकटाच. त्या पायरीवरून खाली उतरल्यावर बुटका निघाला, माझ्याएवढाच. टोपी हातात. बोलू का म्हणाला. मी म्हटलं, बोला, इथं हातोडा नाहीये.

"मागच्या वेळी मी नाही म्हटलं होतं," तो म्हणाला. "सभा संपली आणि तुमच्या मुलीनं मला इथं गाठलं. त्या खांबापाशी. मला वाटलं आता ओरडणार. ती म्हणाली, सिनेटर, मी पाच वर्षांनी परत येते आणि तेव्हा तुमच्याकडून होय घेऊनच जाते. मी म्हटलं, बघू या, ये तर खरी. ती हसली. हात मिळवला."

मला यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर ती रस्त्यात टायर कसा बसला तेवढंच सांगत होती.

"यंदा बोलणाऱ्यांची नावं आली," तो म्हणाला, "त्यात ती नव्हती. मला राग आला. म्हटलं, हिनं माझा नाद सोडला. इतरांसारखीच निघाली. म्हणून मी तिथं तसं विचारलं." त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी तिची वाट बघत होतो, बाई."

दारात गाडी थांबली की माझी मान अजून वळते, हे मी डॉर्सीलाही सांगितलेलं नाही. एवढ्या मोठ्या जगात कोरिनची वाट बघणारं माणूस एकटी मीच, अशी माझी इतके दिवस समजूत होती.

मी बाकावर सरकले आणि त्याला जागा करून दिली. तो बसला.